लोकल पकडायला उत्साह लागत नाही: चाळिशी-पन्नाशीत वजन उतरवायला लागणाऱ्या ठाणेकरांसाठी

ठाण्याहून सकाळची ठरलेली फास्ट पकडणारा माणूस ती वीस-पंचवीस वर्षं पकडत असतो. पावसात पकडतो, रात्री पाहुणे उशिरा गेले तरी पकडतो, अंगात कणकण असली तरी पकडतो. "आज जायला मन घेतंय का?" असं त्याला कोणी विचारत नाही, तोही स्वतःला विचारत नाही. व्यायामाचा विषय निघाला की मात्र हीच माणसं म्हणतात, "कळतं हो सगळं, पण मनच घेत नाही."

ज्यांनी गृहकर्जाचे हप्ते फेडले, मुलांची दहावी-बारावी काढली, आईवडिलांच्या आजारपणात रात्री जागवल्या, त्यांच्यात इच्छाशक्ती कमी आहे हे मला पटत नाही. लोकलला जे असतं ते व्यायामाला नसतं, इतकंच. लोकलची वेळ ठरलेली असते. फलाटावरची जागा ठरलेली असते. डब्यात ओळखीची माणसं असतात, आपण दिसलो नाही तर विचारणारी. आणि गाडी चुकली तर फटका लगेच बसतो, तीन महिन्यांनी नाही. या चार गोष्टी व्यायामाला जोडून दिल्या की उत्साहाची वाट बघावी लागत नाही. तो मागाहून येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिल्यांदा बरं वाटायला लागतं तेव्हा.

आधी "कशासाठी" ते ठरवा

"बारीक व्हायचंय" हे कारण फार दिवस पुरत नाही. ते लांबचं आहे, आणि पहिले दोन महिने आरशात काहीच दिसत नाही. त्यापेक्षा आज शरीराला जे जमत नाही असं एक काम निवडा. स्टेशनचा पूल चढल्यावर फोनवर बोलता येत नाही, धाप लागते. सत्यनारायणाला मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागतो. बुटाची नाडी बांधताना श्वास धरावा लागतो. मित्रमंडळी रायगडला पायऱ्यांनी चढतात आणि आपण रोपवेच्या रांगेत असतो. यातलं जे सगळ्यात जास्त खुपतं ते घ्या आणि एका वाक्यात तारखेसकट लिहा: "दिवाळीपर्यंत स्टेशनचा पूल न थांबता चढेन, आणि वर पोचल्यावर बोलू शकेन." हा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर करू नका. तिथे काही करायच्या आधीच अभिनंदन मिळतं आणि अर्धं समाधान तिथेच होऊन जातं.

घरात मधुमेह असेल तर आणखी एक कारण तयारच आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: वजन ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो, वीस-पंचवीस नव्हे. चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीयांवर केलेला असाच अभ्यास २००६ साली आला. त्यात घट सुमारे २८ टक्के होती, म्हणजे त्याच अभ्यासात मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात जेवढा फायदा झाला साधारण तेवढाच, आणि तोही वजन फारसं उतरलेलं नसताना. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. काटा हलला नाही तरी चालण्याचा फायदा आत होत असतो.

टेप, तपासण्या आणि फॅमिली डॉक्टर

जिमचे वर्षाचे पैसे भरण्याआधी हे करा. शिवणकामाची टेप घ्या, श्वास सोडून पोट सैल ठेवा आणि बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. आपल्याकडच्या निकषानुसार पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. त्याहून सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. वजनाच्या बाबतीतही भारतीयांसाठी मर्यादा खाली आहे, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात. हातपाय बारीक आणि पोट पुढे ही आपल्याकडची नेहमीची ठेवण, म्हणून टेपवर जास्त विश्वास ठेवा.

रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं पाहून घ्या. एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन बिघडलेलं असेल तर आलेला थकवा हा आळस नसतो, आजार असतो. त्यावर औषध आहे, ते घेऊनच सुरुवात करावी. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डोसबद्दल नक्की विचारा. खाणं कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

"चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" या समजाबद्दल

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की लोक ते निकालासारखं धरून चालतात. २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात साडेसहा हजारांच्या आसपास माणसांच्या मोजमापांवर आधारलेला एक अभ्यास आला. शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले तर विशी ते साठी या काळात शरीराची ऊर्जेची खपत जवळजवळ स्थिर राहते, असं त्यात दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर.

मग पँट घट्ट का होते? स्नायू कमी होतात. तिशीनंतर वापर नसेल तर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात. आणि हालचाल कमी होते, आपल्या नकळत. चौथ्या मजल्याची जिन्याची चाळ सुटली, लिफ्टचा टॉवर आला. गोखले रोडला भाजी आणायला चालत जायचो, आता भाजी दारात येते. शेअर रिक्षा, दुचाकी, बसून काम. बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या आगेमागे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, चरबी नितंबांऐवजी पोटावर बसायला लागते, आणि रात्री अंग तापून घाम फुटल्याने झोपमोड होते. हे बाईच्या हाताबाहेरचं आहे, तिने त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. हरवलेली हालचाल आणि स्नायू मात्र परत मिळवता येतात, पन्नाशीतही.

वेळ, जागा, सोबत

खरं काम इथे आहे. "सकाळी लवकर उठून चालायला जाईन" हा बेत बहुतेक घरांत टिकत नाही, कारण सकाळ आधीच भरलेली असते. नवी वेळ शोधू नका. जे रोज न चुकता घडतं, त्याच्या पाठीला चालणं बांधा.

लोकलने येणाऱ्यांसाठी ती वेळ संध्याकाळी स्टेशनबाहेर पडल्याची. घरी जाऊन कपडे बदलून मग निघू असं म्हटलं की संपलं. सोफा, चहा, टीव्ही, दिवस गेला. चालायचे बूट ऑफिसलाच घालून जा, किंवा बॅगेत ठेवा. पश्चिमेला उतरणाऱ्याने सॅटिसवरून (स्टेशनबाहेरच्या उंच पुलावरून) बस किंवा खालून रिक्षा न धरता मासुंदा तलावाला, म्हणजे तलावपाळीला, एक फेरी मारावी आणि मग घराची वाट धरावी. नौपाडा, पाचपाखाडीवाल्यांनी तर रिक्षाच सोडावी. घोडबंदरला राहणाऱ्यांना अख्खं अंतर चालणं शक्य नाही, त्यांनी दोन थांबे आधी उतरावं. तलावपाळीला संध्याकाळी भेळ, आइसक्रीम, कुल्फी सगळं समोर मांडलेलं असतं. भुकेल्या पोटी तिथे गेलात तर फेरी बाजूला राहील, म्हणून गाडीत बसल्या बसल्या मूठभर फुटाणे खाऊन घ्या.

घर सांभाळणाऱ्या बाईची वेळ डबे भरून सगळे बाहेर पडल्यावरची. अडचण मिनिटांची नसते. "घरात पसारा पडलाय आणि मी चालायला निघाले" ही टोचणी असते. तिला माझा आग्रह आहे की ही वेळ घरात स्पष्ट शब्दांत सांगून टाका: साडेनऊ ते दहा मी घरात नाही. सासूबाई असतील तर त्यांनाही सांगा, शक्य असेल तर बरोबर न्या. आणि नवरे मंडळींनो, "जा की, कोण अडवतंय" एवढं म्हणून भागत नाही. त्या अर्ध्या तासातलं एक काम उचला.

घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधी चालून घ्यावं. ज्या कॉलवर फक्त ऐकायचं असतं, तो चालताना घ्यावा.

जागाही एकच ठेवा, निदान पहिला महिना. पाचपाखाडीत महापालिकेजवळचा कचराळी तलाव सुरुवातीला उत्तम. सपाट, छोटी फेरी, माणसांची जाग, आणि दम लागला तर घर जवळ. दुसऱ्या महिन्यात उपवन तलाव. येऊरचा चढ तिसऱ्या महिन्याआधी नको, कारण तिथे हृदयाला आणि गुडघ्यांना खरी मेहनत पडते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं जंगल आहे. पूर्ण उजाडल्यावर, सोबतीने आणि रस्त्यावरूनच जा. खाडीपलीकडे नवी मुंबईत राहणाऱ्यांना पाम बीचच्या बाजूला नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे, खारघरला सेंट्रल पार्क आहे. तिथले ट्रॅक मोकळे आणि लांब आहेत.

सोबत एकाची हवी, बारा जणांची नको. बारा जणांचा ग्रुप दोन आठवड्यांत सुप्रभातच्या फुलांवर येतो. एकच माणूस धरा: शेजारीण, भावजय, ऑफिसातला कोणी. नियम एकच, "येतेस का?" असं विचारायचं नाही. फोन करायचा तो फक्त येणार नसेल त्याने. फोन आला नाही म्हणजे समोरचा गेटवर उभा आहे. माझ्या मते सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत कामाची आहे, कारण आपण स्वतःला दिलेला शब्द सहज मोडतो, पण कुलकर्णी काकू खाली ताटकळत उभ्या आहेत हे कळल्यावर पाय आपोआप बुटात जातात. फटकाही ठरवून ठेवा. न कळवता दांडी मारली तर शंभर रुपये समोरच्याला, तिथल्या तिथे.

आणि पहिल्या दिवसापासून किमान माप दहा मिनिटांचंच ठेवा. दहा मिनिटांनी परत फिरायची पूर्ण मुभा. बहुतेक दिवशी तुम्ही फिरणार नाही. पण ज्या दिवशी खरंच जीव नसतो त्या दिवशीही दहा मिनिटं होतात, आणि साखळी तुटत नाही.

किती आणि कसं वाढवायचं

पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटं. मग दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. तिथे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं भरतात. वेग इतका हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. रेंगाळत, फोन बघत चाललेला तासभर यात धरू नका.

दहा हजार पावलांची धास्ती सोडा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला. साधारण सत्तरीतल्या बायकांवरच्या २०१९ सालच्या एका अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलांवाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आज तीन हजार होत असतील तर पुढचं ठिकाण पाच हजार.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर चालणं हमखास बुडतं, म्हणून त्याची सोय मे महिन्यातच करून ठेवा: सोसायटीचं पार्किंग, पोडियम किंवा जिना. जिन्याने वर चढा, पण गुडघे दुखत असतील तर उतरताना लिफ्ट घ्या. उतरण्याचा भार गुडघ्यांवर जास्त येतो.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच, चालण्याने स्नायू परत येत नाहीत. जिम नको असेल तर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दहा दंड, दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात फेऱ्या. हे सगळं दोनदा करायचं, पंधरा मिनिटांत होतं. सूर्यनमस्कार तर आपलेच. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ते शाळाशाळांत नेले, म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला ते पाठ असायचे. तीनपासून सुरू करा, आठवड्याला एक वाढवा. कंबर किंवा मनगट धरत असेल तर थांबा आणि शिकवणाऱ्याकडून एकदा पद्धत तपासून घ्या.

वजन उतरतं ते ताटात

सत्तर किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या झपाझप चालण्यात साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. चालून आल्यावर "आज मेहनत झालीय" म्हणून खाल्लेला वडापाव दोन दिवसांचं चालणं पुसून टाकतो. चालण्याने हृदय, साखर, झोप आणि मन सुधारतं, पण काटा खाली यायचा तर स्वयंपाकघरात बदल हवा.

कोणी म्हणतं दिवसातून दोनदाच जेवा, कोणी म्हणतं दर दोन तासांनी थोडं खा. दोन्हींनी वजन उतरवलेली माणसं मी पाहिली आहेत. जी पद्धत तुमच्या घरात वर्षभर चालेल ती घ्या. खालचे बदल मात्र दोन्हींना लागू पडतात.

पहिला बदल संध्याकाळचा. दीडला डबा खाल्ला आणि जेवण साडेनऊला, मध्ये आठ तासांचा खड्डा. त्यात फरसाण, खारी, बिस्किटं, स्टेशनवरचा समोसा जातो आणि वर पूर्ण जेवण. सहाच्या सुमारास ठरवून काहीतरी खा: फुटाणे-शेंगदाणे मूठभर, उकडलेलं अंडं, पेरू, ताक. रात्री पोळी आपोआप एक कमी लागते.

दुसरा बदल तेलाचा. चहाच्या चमच्याएवढ्या तेलात ४५ कॅलरी असतात आणि फोडणी कोणी चमच्याने मोजत नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा हिशेब धरा. चौघांना दोन लिटर, तेवढंच आणायचं. संपलं तर महिनाअखेर जपून वापरायचं.

तिसरा बदल प्रथिनांचा, आणि मराठी ताट इथे मार खातं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मापाप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोला ५८ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. पातळ वरणाची एक वाटी त्यातली थोडीशीच देते. वरण घट्ट करा. मोड आलेली मटकी, मूग, चवळी यांची उसळ तोंडी लावण्यापुरती न घेता मोठी वाटी भरून घ्या आणि त्या प्रमाणात भात कमी वाढा. दही, पनीर, अंडी (एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम) असतील तर सोपं जातं. मासे खाणाऱ्यांचं नशीब थोर, फक्त रोज रवा लावून तळू नका, कालवण करा.

उपासाने वजन उतरत नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तूप, वर बटाट्याचा कीस. "एकादशी आणि दुप्पट खाशी" उगीच म्हणत नाहीत. उपास करायचाच तर भगर, ताक, फळं आणि राजगिरा, तेही पोटाला लागेल तेवढंच. गणपतीत मोदक खा, मनापासून खा, पण तो आपल्या घरच्या नैवेद्याचा. दहा दिवस दहा घरी पूर्ण प्लेट संपवायची गरज नसते, प्रसाद चिमूटभरही चालतो. दिवाळीचा फराळ भाऊबीजेपर्यंत. उरलेले डबे वॉचमन, कामाच्या मावशी, ऑफिस यांच्यात वाटून मोकळे व्हा.

जी व्यक्ती स्वयंपाक करते, तिच्यावर "माझं डाएटचं वेगळं कर" असा बोजा टाकू नका. घरात एकच स्वयंपाक होऊ द्या, बदल वाढण्यात करा. झोप सहा तासांच्या आत आली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त हवंसं वाटतं. रात्रीची मालिका किंवा मोबाईल अर्धा तास आधी बंद करणं हाही वजनाचाच उपाय आहे.

काटा रोज नको

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, काही न खाता वजन करा. मीठ, पाणी, पाळीचे दिवस यांनी एक-दोन किलोचा चढउतार सहज होतो, ती चरबी नसते. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर छान चाललंय. दोन-अडीच महिन्यांनी काटा बहुधा अडतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. तेव्हा उपाशी राहू नका. टेप काढा, घेर बघा, ताकदीचा व्यायाम एक दिवस वाढवा, आणि तेलाची बाटली खरंच मोजून वापरली जातेय का ते तपासा.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली आणि सोसायटीच्या बाकांवरही त्यांची चर्चा असते. ज्यांचं वजन आणि आजार दोन्ही जास्त आहेत त्यांना ती खरोखर उपयोगी पडतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण निर्णय डॉक्टरांचा. त्यांनी वजनाबरोबर स्नायूही उतरतात, आणि इंजेक्शन थांबवलं की वजन बऱ्याचदा परत येतं. त्यामुळे प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम तिथेही सुटत नाही.

खंड पडेल, तेव्हा

लग्नसराई, व्हायरल ताप, मुलीची परीक्षा, गावी जत्रा. खंड पडणारच. लंडनमध्ये २००९ साली ९६ जणांवर केलेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला अडीचशेच्या वर. मधला एखादा दिवस चुकल्याने त्या प्रवासात विशेष फरक पडला नाही. तेव्हा एक दिवस गेला तर तो सोडून द्या, फक्त लागोपाठ दुसरा जाऊ देऊ नका. चुकलेलं भरून काढायला रविवारी दोन तास चालणं, येऊर दोनदा चढणं असलं काही करू नका, त्यात पाय मुरगळतो किंवा गुडघा धरतो आणि खंड लांबतो.

तापानंतर किंवा मोठ्या सुट्टीनंतर परत येताना पहिले तीन दिवस पूर्वीच्या निम्मं चाला, सपाटीवर, कचराळीसारख्या ठिकाणी. ताकदीचा व्यायाम चौथ्या दिवसापासून. दम नेहमीपेक्षा जास्त लागत असेल, छातीत धडधडत असेल तर थांबून डॉक्टरांना फोन करा. सोबतीणीला मात्र आदल्या रात्रीच कळवून ठेवा, म्हणजे ती गेटवर येईल.